फुफ्फुस आणि भुयार

अंतिम वर्षाच्या प्रकल्पात मी सीटी स्कॅनमधील फुफ्फुसांच्या गाठी संगणकाला शोधायला लावतो आणि रात्री वसतिगृहात दोन मित्रांसह भुयार खणण्याचा एक गेम तयार करतो. या दोहोंचा संबंध काय, असे घरी विचारले जाते (गेमविषयी विचारतानाचा सूर जरा निराळा असतो). वस्तुतः दोन्हीकडे मी एकच अल्गोरिदम वापरतो.

जनरल इलेक्ट्रिकमधील लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पद्धत मुळात सीटी आणि एमआरआयच्या कापांवरून अवयवांचा पृष्ठभाग उभा करण्यासाठी होती. गेमवाल्यांनी ती नंतर उचलली. अवकाशाचे लहान घन पाडायचे, प्रत्येक घनाचे आठ कोपरे पृष्ठभागाच्या आत आहेत की बाहेर ते पाहायचे आणि त्यातून होणाऱ्या २५६ शक्यतांच्या तक्त्यावरून त्रिकोण जोडायचे. सीटीमध्ये कोपऱ्यावर त्या जागेची घनता सांगणारे हाउन्सफील्ड मूल्य असते: पाण्याला ० आणि हवेला उणे १०००. गेममध्ये तिथे मीच ठरवलेली घनता असते आणि खेळाडूने कुदळ मारली की ती घटते.

या साम्यानेच मला फसवले. गेममध्ये घनाच्या तिन्ही बाजू सारख्या असतात, आणि त्याच सवयीने मी काढलेले पहिले फुफ्फुस थापलेल्या भाकरीसारखे चपटे निघाले, कारण त्या स्कॅनमध्ये कापातील दोन बिंदूंमधले अंतर ०.७ मिलिमीटर, तर दोन कापांमधले २.५ मिलिमीटर होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसली. पुढची दिसली नाही. भुयाराच्या भिंती नैसर्गिक वाटाव्यात म्हणून घनतेवर फिरवलेला, शेजारची मूल्ये एकमेकांत मिसळून खडबडीतपणा घालवणारा गॉसियन फिल्टर मी स्कॅनवरही फिरवला. पृष्ठभाग सुरेख झाला, आणि चार मिलिमीटरची एक गाठ त्यातून नाहीशी झाली.

एलआयडीसी या फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनच्या खुल्या संग्रहात १०१८ स्कॅन असून प्रत्येकावर चार रेडिओलॉजिस्टांच्या खुणा आहेत. काही गाठींवर चौघांपैकी एकाचीच खूण आढळते. अशी गाठ धरावी की सोडावी, यावर मार्गदर्शकांशी माझी चर्चा अजून संपलेली नाही. भुयारात हा प्रश्नच नाही. तिथे दगड कुठे आहे ते मीच ठरवतो.

आता दोन्ही प्रकल्पांचे फोल्डर वेगळे केले आहेत. सामाईक राहिला आहे तो फक्त २५६ ओळींचा तक्ता.