आठ डी

२९ मे, रात्री ११.४०

नवतपा चालू आहे, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. कूलरची टाकी दोनदा भरली तरी भिंती तापलेल्याच. दुसरी शिफ्ट करून मिहानच्या हँगरहून खामल्यात घरी आले, जेवले, पोरगी झोपलीच होती. आई आत्ता डोकावून गेली, "किती वाचून राहिली वं, झोप ना आता."

असाइनमेंट परवा द्यायची आहे. विद्यापीठ इंग्लंडचं, त्यांच्या मध्यरात्रीची मुदत सध्या आपल्याकडे पहाटे साडेचारला संपते. नोकरी सांभाळून सवडीने करायची एमएस्सी, म्हणून घेतली. पण न वाचता तीन आठवडे गेले तरी कुणी विचारत नाही, हे जानेवारीत कळलं. तेव्हापासून रोज एक तास, डोळे मिटत असले तरी.

आजचं प्रकरण मात्र झोप उडवणारं निघालं. १० जून १९९०, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं बीएसी वन-इलेव्हन विमान. १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा.

काच आदल्या दिवशी पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ बारीक व्यासाचे, उरलेले सहा आखूड. व्यासातला फरक ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. देखभालीच्या शिफ्ट मॅनेजरने जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने जोडी लावली होती, सुट्या भागांचा कॅटलॉग न उघडता.

हे वर्गातले सगळेच लिहितील. मी थांबले ते एका छोट्या वाक्यापाशी. मॅनेजर आधी स्टोअरमध्ये ७डी नंबरचे बोल्ट मागायला गेला, तेव्हा तिथल्या सुपरवायझरने सांगितलं होतं की या काचेला ८डी लागतात. सांगितलं, पण आग्रह धरला नाही. बस, एवढंच. काच काढून ठेवलेली असताना बरोबर नंबर एका माणसाला तोंडपाठ होता.

मी नऊ वर्षं हँगरच्या स्टोअरला आहे. त्या खिडकीतून मीही असं सांगितलं आहे. मार्चमध्ये रात्री एक जण जुन्या सीलवरचा पुसट नंबर वाचून सील मागत होता. "ताई, द्या ना लवकर, विमान उभं आहे." मी म्हटलं, कॅटलॉग बघून ये. तो म्हणाला, पाहिला आहे. मी दिलं. वीस मिनिटांनी परत आला, नंबर वेगळाच होता. बसवायच्या आधी लक्षात आलं. तेव्हा मला वाटलं होतं, मी माझं काम केलं. आज वाटतं, अर्धंच केलं.

असाइनमेंटचा विषय बदलते आहे. शिफ्ट मॅनेजरच्या थकव्यावर लिहिलेले ६०० शब्द काढले. आता स्टोअरच्या खिडकीवर लिहिणार: मागितलेला नंबर आणि कॅटलॉगमधला नंबर जुळत नसेल, तर देणाऱ्याने पान समोर ठेवून दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही. सोमवारी इन्चार्ज सरांनाही हेच विचारणार आहे. रात्री तीनला त्याने वेळ जाईल म्हणतील. जाईल, चार मिनिटं.

पहिला परिच्छेद झाला. टाकीत पाणी भरून येते.