पितृमुखी तलंगा

४ जुलै. आज कोंबडीच्या पिल्लांना वीस आठवडे पूर्ण झाले. दहाही जणांचं नर-मादी एकदाचं नक्की झालं, म्हणून फेब्रुवारीपासून भरत आणलेली वही काढून अंदाज ताडून पाहिले. आठ बरोबर, एक सपशेल चूक, आणि एकासमोर मी नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. गेल्या वर्षीच्या फजितीनंतर एवढंही पुष्कळ झालं.

ती फजिती आधी सांगते. देवासच्या चुलतबहिणीला मी छातीठोकपणे "दोन्ही तलंगा आहेत, दिवाळीत अंडी खाशील" म्हणून कडकनाथ जातीच्या दोन दिल्या होत्या. (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी.) महिन्याभराने पहाटे साडेचारला तिचा फोन. काही बोललीच नाही, फोन खुराड्यापाशी धरला. पलीकडून दोन कोंबडे आलटूनपालटून आरवत होते.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. पाच-सहा आठवड्यांत ज्याचा तुरा मोठा आणि लाल व्हायला लागतो तो नर, हा ठोकताळा आपण सगळेच वापरतो. गावरान पिल्लांना तो बऱ्यापैकी लागूही पडतो. पण कडकनाथच्या अंगात लाल दिसायला जागाच कुठे आहे? कातडी काळी, तुरा काळपट-जांभळा, जीभसुद्धा काळी. मी लालीची वाट पाहत बसले, लाली आली नाही, म्हणून सगळ्यांना मादी ठरवून मोकळी झाले.

इंदूरमध्ये राहून कडकनाथ न पाळणं अवघड. कडकनाथचं झाबुआ इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि राऊकडच्या आमच्या भागातही अंगण असलेल्या घरांत काळी पिल्लं दिसायला लागली. मी मात्र बाहेरून पिल्लं आणणं बंद केलं आहे. २०२० च्या डिसेंबरअखेरीस इंदुरात कावळे मरून पडले, बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून घरच्या अंड्यांवर घरचीच कोंबडी बसवते. कडकनाथ मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, म्हणून त्या कामाला एक म्हातारी गावरान ठेवली आहे. बाकी काही करत नाही, पण बसते मात्र दगडासारखी.

२४ जानेवारी. गावरानीखाली बारा अंडी ठेवली. सात कडकनाथची, पाच तपकिरी कोंबड्यांची. तपकिरी म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीच्या वळणाच्या दोन, पिवळ्या पायांच्या. कोंबडा सगळ्यांना एकच, कडकनाथ. पेन्सिलीने अंड्यांवर खुणा केल्या.

शेजारच्या काकू ओटल्यावर सुई-दोरा घेऊनच आल्या. अंड्यावर सुई टांगायची, गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. त्यांच्या सुईने नऊ नर सांगितले. मी ते वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. (निकाल: दहातले चार नर. काकू म्हणतात दोरा नायलॉनचा होता.) टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी हेही तसंच. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो, आतल्या जिवाच्या लिंगाशी त्याचा संबंध नाही.

१४ फेब्रुवारी. एकविसाव्या दिवशी अकरा फुटली, कडकनाथचं एक अंडं वांझ निघालं. तिसऱ्या आठवड्यात मांजराने एक कडकनाथ पिल्लू नेलं. राहिली पाच शुद्ध, पाच मिश्र. पायांत रंगीत केबल टाय बांधले. एक सूचना: दर दहा-बारा दिवसांनी ते कापून नवे सैल बांधा. माझ्या एका पिल्लाच्या पायात टाय रुतून सूज आली होती, हळद लावून निभावलं, पण चूक माझीच.

पहिल्या दोन दिवसांत पंखांची पिसंही पाहून घेतली. पंखाच्या कडेला दोन ओळी असतात, एक लांब आणि एक आखूड असेल तर मादी, दोन्ही सारख्या असतील तर नर, असं सांगतात. हे खरं आहे, पण फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या जातींत, जिथे बापाची पिसं लवकर फुटणारी आणि आईची उशिरा फुटणारी असतात. परसातल्या मिसळीत त्याला काही अर्थ नाही. पार्श्वभाग उघडून पाहण्याची जपानी पद्धत १९२०च्या दशकात तिकडे विकसित झाली. त्यात तरबेज माणसं तासाला शेकड्याने पिल्लं वेगळी करतात. घरी करू नका. एका दिवसाच्या पिल्लाचं पोट जरा जास्त दाबलं तर आतडं दुखावतं.

आता ज्याच्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच केला, ती गोष्ट.

चौथ्या दिवशी मिश्र पिल्लांना हातात घेऊन पाहत होते. वरून पाचही सारखीच, काळ्या लवेची, पोटाखाली फिकट. पण पंखाखालची लव फुंकर मारून बाजूला केली तर कातडी सारखी नव्हती. तिघांची शाईत बुडवल्यासारखी, दोघांची गुलाबीसर. तळपायही तसेच: तिघांचे शिसवी, दोघांचे पिवळट. चोचीकडे आणि पायाच्या वरच्या भागाकडे पाहून मात्र फसाल, तिथे सगळ्यांनाच काळपट छटा असू शकते. तळपाय आणि पंखाखालची कातडी, एवढंच पाहा.

याचं कारण फार सुंदर आहे. माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलगी आईकडून डब्ल्यू घेते, म्हणजे तिच्याकडचा एकुलता एक झेड बापाचा. मुलगा दोघांकडून एकेक झेड घेतो. कातडीच्या आतल्या थरात काळा रंग उतरू न देणारं एक जनुक याच झेडवर असतं. पिवळ्या पायांच्या तपकिरी कोंबडीकडे ते असतं, कडकनाथकडे नसतं. कडकनाथचं कातडी काळी करणारं जनुक वेगळं, ते सगळ्याच पिल्लांना मिळतं. पण आईचा तो लगाम फक्त मुलग्यांकडे जातो. मुलींना लगामच नाही, म्हणून त्या बापासारख्या काळ्याकुट्ट.

पितृमुखी कन्या, मातृमुखी पुत्र! आजी हे म्हणायची तेव्हा कोंबड्या तिच्या मनात खासच नसणार.

हा शोध काही माझा नव्हे. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९११ साली हे सिल्की जातीच्या कोंबड्यांवर दाखवलं होतं. सिल्कीची कातडीही कडकनाथसारखी काळी. सिल्की नर आणि तपकिरी लेगहॉर्न मादी असा जोड लावला की मुली गडद आणि मुलगे फिके होतात. जोड उलटा लावला, म्हणजे काळी आई आणि तपकिरी बाप, की सगळीच पिल्लं फिकी आणि ओळखण्याची सोय गेली. म्हणून कोंबडा कडकनाथच हवा. आणि आईचे पाय पिवळे किंवा पांढरे हवेत. पाटीच्या रंगाचे किंवा शेवाळी पाय असलेली गावरान घेतलीत तर तिच्याकडे तो लगाम नसतो, मग काळी पिल्लं पाहून "सगळ्या मुली" म्हणत नाचाल आणि माझ्यासारखे पहाटे फोन घेत बसाल.

१८ फेब्रुवारीच्या पानावर लिहिलं आहे: गडद तीन मादी, फिके दोन नर. आज पाचही बरोबर निघाले. नुसतं नाणं उडवून पाच बरोबर यायची शक्यता बत्तीसात एक, तेव्हा शास्त्र आधीच माहीत नसतं तर पाचावर मी भरवसा ठेवला नसता. फिक्या दोघांचे तुरे सहाव्या आठवड्यात रीतसर लाल झाले, म्हणजे जुना ठोकताळा त्यांच्यापुरता चालला.

शुद्ध कडकनाथची कथा एवढी सरळ नाही. २८ मार्चला, सहा आठवड्यांची असताना, रंग विसरून फक्त तुऱ्याचा आकार पाहिला. लाल टायवाल्याचा तुरा उंच आणि बुडाशी जाड: नर. पिवळा आणि पांढरा, तुरा नुसती रेघ: मादी. निळा मधला, तिथे प्रश्नचिन्ह. हिरव्याचा तुरा बेताचाच, पण तो सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा, ताठ उभा राहायचा, दाण्याच्या भांड्यात आधी पाय टाकायचा. झाबुआकडचे एक दादा पूर्वी मला पिल्लं देत, त्यांची परीक्षा अशी: पिल्लांसमोर एकदम टोपी टाकायची, जो मान उंचावून उभा राहील तो नर, जी दबून बसेल ती मादी. मी नवऱ्याची टोपी टाकली. हिरवा हलला नाही. लिहिलं: नर.

११ एप्रिलला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं केली. लाल ४९० ग्रॅम, हिरवा ४६०, निळा ४५०, उरलेल्या दोघी चारशेच्या आसपास. हिरव्यावरचा माझा विश्वास आणखी पक्का झाला.

९ मे, बारा आठवडे. इथे खरी खूण सापडली. शेपटीच्या बुडाशी, पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं पाहायची. नराला तिथे अरुंद, टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी पिसं फुटतात. मादीची गोल टोकांचीच राहतात. काळ्यावर काळं असल्यामुळे दुपारच्या उन्हात काहीच कळेना. संध्याकाळी तिरप्या उन्हात पिल्लू धरलं आणि मोबाइलने जवळून फोटो काढला, तेव्हा लालच्या पिसांवर हिरवट झाक आणि टोकं स्पष्ट दिसली. निळ्याचीही तशीच. आणि हिरवा? गोल. सगळी गोल. दादागिरी करणारी ती मुलगी होती!

म्हणजे स्वभावावरून कधीच ठरवू नये असं नाही, पण पिसांच्या आधी स्वभावाला विचारू नये. टोपीची परीक्षा माझ्या वहीतून बाद.

लाल १० जूनला पहिल्यांदा आरवला. आरवला म्हणजे दार करकरल्यासारखा आवाज काढला. निळा अजून गप्प आहे. वरचढ कोंबडा समोर असला की दुबळा पुष्कळदा आवाज काढत नाही, तेव्हा "आरवत नाही म्हणजे मादी" हेही धरून चालू नका. पिसं पाहून निळ्याबद्दल मला आता शंका नाही, पायावरचा काट्याचा कोंबही वाढतोय. तलंगा अंड्यावर यायला अजून महिना-दीड महिना लागेल, कडकनाथ साधारण सहा महिन्यांची झाल्याशिवाय अंडं देत नाही.

गावरान म्हातारी पुन्हा खुडूक झाली आहे. या वेळी तिच्याखाली दहाही तपकिरी कोंबड्यांचीच अंडी ठेवणार, बाप तोच. देवासला पंखाखालून शाईसारखी निघालेली एक पाठवायचं कबूल केलं आहे. बहीण म्हणाली, पाठव, पण आरवली तर रात्रीच्या बसने येऊन तुझ्या ओटल्यावर सोडून जाईन.