नकाशावर थांबलेले ट्रक आणि २१४७४८३६४७

रात्री अकराच्या सुमारास आमच्या नकाशावरचे सगळे ट्रक जागच्या जागी थिजले. रस्त्यावर ते धावतच होते, बंद पडली होती ती नोंद. प्रत्येक गाडी दर काही सेकंदांनी आपलं ठिकाण कळवते आणि डेटाबेस त्या नोंदीला पुढचा क्रमांक देतो. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ एकच तक्रार: २१४७४८३६४७ हा क्रमांक आधीच वापरलेला आहे.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांना ही संख्या तोंडपाठ असते. क्रमांकाचा कॉलम ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा), त्यातला एक बिट चिन्हासाठी जातो, उरतात ३१. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, हीच ती. पुढे जागाच नाही, म्हणून तोच क्रमांक पुन्हा पुन्हा दिला जात होता. जुन्या नोंदी आम्ही काढून टाकत असल्यामुळे टेबल कधी फुगलेलं दिसलं नाही, पण क्रमांक काही मागे येत नाहीत. कॉलम ६४ बिटांचा करायची कमांड दिली. नव्या नोंदी रांगेत साठत होत्या, हरवत काही नव्हतं. टेबल नव्याने लिहून होईपर्यंत बसून राहायचं, एवढंच.

सोबतीला नुकताच लागलेला एक मुलगा होता. म्हणाला, "सर, ही मूळ संख्या आहे ना? मुद्दाम निवडली असेल का?"

मुद्दाम कोण निवडतंय! पण आहे खरी मूळ. १७७२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ते सिद्ध केलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या संख्येचं वर्गमूळ ४६३४१ च्या जरा आत येतं, म्हणजे तिथपर्यंतचे विभाजक तपासायला हवेत. पण घातांक ३१ हा स्वतःच मूळ असल्यामुळे हिला कुणी मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागून बाकी १ च उरली पाहिजे. झाल्या फक्त ७४७ संख्या. ऑयलर आणखी पुढे गेला: २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३. उरल्या ३७३, आणि त्यांतल्या ज्या मूळच नाहीत त्या गाळल्या की शंभराच्याही आत. पोराने लगेच चार ओळींचा प्रोग्राम लिहून खात्री करून घेतली. मला कागदावर करून पाहिलेलं जास्त आवडलं असतं, पण असो.

१८११ मध्ये गणितज्ञ पीटर बार्लोने लिहिलं की या संख्येपासून बनणारी परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती), २३०५८४३००८१३९९५२१२८, हीच आजवरची सर्वांत मोठी आणि यापुढे कुणी शोधायच्या भानगडीत पडणार नाही, कारण उपयोग काय? १८७६ मध्ये ल्यूकास या गणितज्ञाने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ असल्याचं दाखवून दिलं, म्हणजे त्याहून मोठी परिपूर्ण संख्याही मिळाली.

"मग आपली नवी मर्यादाही मूळ असेल?" नाही. तिथे घातांक ६३, आणि ६३ ला ३ ने भाग जातो. म्हणून ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ला ७ ने भाग जाणारच. त्याने तोही करून पाहिला.

पहाटे नोंदी सुरू झाल्या, नकाशावरचे ट्रक एकदम पुढे उडाले. दुसऱ्या दिवशी बाकीची टेबलं तपासताना वेळेचे काही कॉलमही ३२ बिटांचेच निघाले. १९७० पासूनचे सेकंद मोजणारे. ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच संख्येवर येऊन अडतील. ते काम त्या मुलाच्या नावावर टाकलंय.