विहिरीतलं सायथोडियम घरी वाढवताना

सायथोडियम म्हणजे ओल्या, अंधाऱ्या दगडांवर वाढणारी एक चपटी, इवलीशी वनस्पती. ते शोधताना उजेड आपल्या पाठीमागे ठेवायचा. समोर विहिरीची ओली, अंधारी बाजू असली की चिऱ्यांच्या सांध्यांमध्ये पिवळसर हिरवी झाक उठते. डोकं जरा बाजूला नेलं की तीच जागा साध्या शेवाळासारखी मळकट दिसायला लागते. ते स्वतः उजेड देत नाही. त्याच्या वरच्या पेशी भिंगासारख्या फुगीर असतात, आत शिरलेला प्रकाश हरितकणांवर पडून थोडा आल्या वाटेने परत फिरतो, आणि तो दिसायचा तर आपले डोळे त्या वाटेवर असावे लागतात. हेडटॉर्च कपाळाला बांधली की काम सोपं होतं. तीच टॉर्च हातात धरून लांबून मारली तर समोर असूनही दिसत नाही.

माझ्या मामाची विहीर संगमेश्वर तालुक्यात आहे. जांभ्या दगडाची, आत उतरायला दगडी पायऱ्या. गणपतीला गेले होते तेव्हा चौथ्या-पाचव्या पायरीच्या वर, जिथे कधीच ऊन पोचत नाही, तिथे हे दिसलं. मी पायरीवर बसून भिंगातून बघत होते तर मामा वरून ओरडला, "काय गो, पुण्यात शेवाळ मिळत नाही काय? पाय घसरला तर तुझ्या आईला काय सांगू?" त्याला सांगितलं की हे शेवाळ नाही, लिव्हरवर्ट आहे, म्हणजे मॉसच्या नात्यातली चपटी, बिनमुळांची वनस्पती. तो म्हणाला, "असेल. पण पाणी आम्हाला प्यायचंय, हात घालू नको." रास्त होतं. मग चिऱ्याच्या सुटलेल्या एका कपचीवर जेवढं उगवलं होतं तेवढंच, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, कपचीसकट डबीत घेतलं. नमुना घ्यायचा तर असा घरच्या विहिरीतून किंवा गडग्यावरून घ्यावा. कास, महाबळेश्वर असल्या ठिकाणच्या जंगलात नुसता फोटो काढून यावं. तिथे कायदाही आडवा येतो, आणि यायलाच हवा.

बी.एस्सी.ला आम्हाला अशाच चपट्या वनस्पतींपैकी रिक्सिया, मार्केन्शिया आणि अँथोसिरॉस होते. परमनंट स्लाइड बघायची, आकृती काढायची, नावं द्यायची. त्या अभ्यासाचा उपयोग इतकाच झाला की हे त्या तिघांपैकी कुणीच नाही हे लगेच कळलं. रिक्सियासारखी मधोमध खाच नव्हती. मार्केन्शियाच्या पाठीवर असतात ते गेमांचे, म्हणजे नवी रोपं देणाऱ्या बारीक कळ्यांचे पेले नव्हते. अँथोसिरॉसची उभी शिंगं नव्हती, पण ती हंगामाप्रमाणे येतात, त्यामुळे त्याला इतक्यात बाद करता येईना. खरा घोळ घालतं ते मात्र चौथंच, नेच्याचं प्रोथॅलस, म्हणजे नेच्याचं पानं फुटण्याआधीचं कोवळं रूप. तेही पातळ, तेही हिरवं, तेही त्याच ओल्या भिंतीवर, बऱ्याचदा सायथोडियमच्या मांडीला मांडी लावून. दोन्हींत फरक करायला दहा पटीचं साधं भिंग पुरतं. प्रोथॅलस बहुधा हृदयाच्या आकाराचं असतं, टोकाला खाच असते आणि पृष्ठभाग सलग दिसतो. सायथोडियमचा थॅलस, म्हणजे त्याचं पानासारखं चपटं अंग, दोन-दोन फाटे फुटत पसरतो, त्याच्यावर जाळीसारखी अंधुक घरं दिसतात आणि मधूनमधून चक्क उघडी छिद्रं. छिद्र दिसलं की नेचा बाद.

पुढचं काम फोल्डस्कोपवर केलं. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण 140 पट मोठं दाखवतो, आणि एवढ्या कामाला तो पुरून उरतो. बटाट्याच्या फोडीला चीर देऊन तीत थॅलसचा तुकडा उभा धरायचा आणि नव्या ब्लेडने बटाट्यासकट पातळ काप काढायचे. कॉलेजात शिकवतात तशीच पद्धत, फक्त इथे वस्तू इतकी नाजूक की बरेचसे काप चुरगळतात. एक चांगला मिळाला की पुरे. त्या चांगल्या कापात वर पेशींचा एक थर, खाली दुसरा, आणि मध्ये मोठमोठ्या रिकाम्या खोल्या दिसल्या. खोल्यांमधल्या भिंती एकेका पेशीच्या. मार्केन्शियाच्या खोल्यांत हिरव्या पेशींच्या माळा उभ्या असतात, इथे एकही नाही. सगळा हिरवा कारभार वरच्या-खालच्या थरांतच. प्रत्येक पेशीत हरितकण एकाहून जास्त होते, म्हणजे अँथोसिरॉसचाही प्रश्न मिटला, कारण त्याच्या पेशीत बहुधा एकच मोठा असतो. खालच्या बाजूला बारीक मूलाभ, म्हणजे मुळांसारखे तंतू, होते, पण मार्केन्शियाच्या पोटाशी जे ठसठशीत खवले असतात ते जवळजवळ नव्हतेच. इतका हलका, पोकळ थॅलस आणि वर ती चमक. प्रजाती सायथोडियम, याबद्दल शंका उरली नाही.

जात ठरवणं हे मात्र वेगळंच प्रकरण. आपल्याकडे सायथोडियमच्या बऱ्याच जाती नोंदलेल्या आहेत. बडोद्याच्या नावाची सायथोडियम बरोडी आहे, गुहांवरून नाव पडलेली सायथोडियम कॅव्हर्नेरम आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शिव राम कश्यप यांनी पश्चिम हिमालयातल्या नमुन्यांवरून वर्णन केलेली सायथोडियम ट्युबरोसम आहे. कश्यप म्हणजे लाहोरला बसून हिमालय पायी धुंडाळणारा माणूस. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवरचा त्यांचा ग्रंथ 1929 आणि 1932 असा दोन भागांत आला, आणि या विषयात शिरणारा आजही त्यांच्याच दारावरून जातो. मी फोटो आणि काप आमच्या जुन्या सरांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं. त्यातली बीजुकं म्हणजे बियांऐवजी प्रसार करणारे सूक्ष्म कण. "फोटोवरून मी जात सांगणार नाही. बीजुकं मिळाली तर त्यांच्यावरची नक्षी बघ. नाही मिळाली तर दिवाळीपर्यंत थांब आणि ओल कमी कर. टोकाला गाठी येतात का ते कळव."

म्हणजे झाड ओळखायचं तर ते आधी दिवाळीपर्यंत जगवायला हवं, आणि मग हळूहळू सुकवायला हवं. या दोन वाक्यांनी माझा पुढचा सगळा कार्यक्रम ठरवला.

डबा साधाच, झाकणाचा, पारदर्शक. तळाला चाळलेली तांबडी माती. ती मैद्याच्या चाळणीने चाळून, स्टीलच्या डब्यात भरून, कुकरमध्ये मंद आचेवर अर्धा तास ठेवलेली. कोकोपीट मी मुद्दाम टाळलं, त्यावर बुरशी फार चटकन धरते. मातीत चिऱ्याच्या चार-पाच कपच्या तिरक्या खोचल्या. जांभा दगड सच्छिद्र असतो, बूड पाण्यात असलं की ओल आपोआप वर चढते. थॅलस पाण्यात बुडवायची गरजच पडत नाही, आणि बुडवूही नये. आमच्या सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतं, त्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात. ते पाणी या कामाला बाद. पावसाचं साठवलेलं होतं तोवर ते वापरलं, नंतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. खत अजिबात नाही. ज्याला मुळं नाहीत आणि जे सगळ्या अंगाने पाणी पितं, त्याच्या अंगावर खताचं पाणी ओतणं म्हणजे त्याला भाजणंच.

उजेडाचा अंदाज मी डबा जागच्या जागी हलवत घेतला. खिडकीत ठेवला की कडा पांढरट पडायच्या, अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हातही. इनमिन दोन थरांचं अंग, उन्हापुढे काय टिकणार? शेवटी पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा मिळाला, जिथे खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड तिरका पोचतो. तिथे ते मजेत पसरायला लागलं. टोकं दुभंगत जातात, मागचा भाग तपकिरी होऊन मरतो, आणि दोन फांद्यांची दोन वेगळी रोपं होतात. वाढ आणि प्रसार या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत. घरात येणारे पाहुणे मात्र विचारायचे, "हे काय कुजत ठेवलंयस?" त्यांना मी हेडटॉर्च बांधायला द्यायचे. एकदा चमक दिसली की पुन्हा कुणी विचारत नाही.

शत्रू तीन निघाले. पहिलं निळं-हिरवं शेवाळ, जे पाणी जास्त झालं की चिकट पापुद्रा धरून थॅलसवर चढतं. झाकण रोज थोडा वेळ उघडं ठेवलं की ते आटोक्यात राहतं. दुसरे मॉसचे हिरवे धागे. ते बारीक चिमट्याने उपटावे लागतात, नाहीतर महिनाभरात तिथे मॉसचीच बाग होते. तिसरी आणि सगळ्यात वाईट, कुंड्यांभोवती भिरभिरणारी बारीक काळी माशी, फंगस नॅट. तिच्या अळ्या थॅलसला खालून पोखरतात. वरून सगळं हिरवंगार दिसतं आणि बोट लावलं की पापुद्रा सुटून हातात येतो. झाकणाला भोकं पाडून त्यावर आतून मलमलचं कापड चिकटवलं तेव्हा ती थांबली. शिवाय कुकरमधून काढलेल्या मातीतही नेच्याची प्रोथॅलसं उगवलीच, बहुधा कपच्यांवरून आलेल्या बीजुकांतून. ती मी ठेवली. शेजारी शेजारी असली की फरक दाखवायला बरी.

दिवाळीनंतर पाणी घालणं कमी केलं. हे सांगायला सोपं, करायला कठीण. हिरवंगार पसरलेलं काहीतरी आपल्या हाताने वाळवायचं, तेही त्याचं नाव कळावं म्हणून! आधी कडा आत वळल्या, मग जाळी पुसट झाली, मग सगळं कागदासारखं मातीला चिकटलं. भिंगाखाली टोकं बघत होते. बहुतेक टोकं मातीकडे वाकलेली आणि तिथे जाड झालेली दिसली. सुईने माती बाजूला केली तर टोकाशी मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट, टणक गाठ. एकीवर बारीक मूलाभांचं लव होतं, दुसरी स्वच्छ. एक गाठ चिरून आयोडीनचा थेंब टाकला तर आतला भाग काळा-निळा झाला. स्टार्च, म्हणजे उन्हाळ्याची शिदोरी. सरांना फोटो पाठवला. त्यांनी एवढंच लिहिलं, "ट्युबरोसम म्हणायला हरकत नाही. बीजुकं मिळेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेव." डब्यावर मी तसंच लिहिलंय, प्रश्नचिन्हासकट.

गाठींचा उन्हाळा कसा काढायचा याची काळजी मला रोपापेक्षा जास्त होती. विहिरीच्या सांध्यातली माती मे महिन्यातही गार असते, आणि पुण्यात एप्रिलमध्येच पारा चाळिशीला टेकतो. डबा माठाच्या तिवईखाली ठेवला. तिथली फरशी गार राहते, हवेत किंचित दमटपणा असतो, आणि कुणाच्या पायात येत नाही. गाठींचा एक भाग मुद्दाम वेगळा काढून कोरड्या मातीत, कागदी पुडीत ठेवला होता. दोन्हींतल्या गाठी तगल्या, पण माठाखालच्या जास्त आणि ठणठणीत. पुडीतल्या काही सुरकुतून गेल्या.

पाऊस सुरू झाल्यावर आलेल्या पाण्याने माती भिजवली. काही दिवस काहीच नाही. मग गाठीच्या एका बाजूने टाचणीच्या टोकाएवढी हिरवी जीभ बाहेर आली आणि थोडी मोठी होताच दुभंगली. एका गाठीतून बहुधा एकच निघते. लावणी करायची तर हीच वेळ. चिमट्याने गाठ मातीसकट उचलायची, नव्या कपचीवर ओल्या मातीचा पातळ लेप देऊन त्यात अर्धी रुतवायची. पावसाळ्यात थॅलसचे तुकडे लावूनही होतं, पण त्यात एक अट आहे. तुकड्याला जिवंत टोक हवं. मागचे, जुने तुकडे लावले तर त्यांतले बरेच कुजतात. आणि तुकडे दूर पाठवता येत नाहीत, वाटेतच सुकतात नाहीतर सडतात. गाठी मात्र कोरड्या मातीत गुंडाळून साध्या पाकिटातून जातात. सरांकडे तशाच पाठवल्या आणि त्यांच्या व्हरांड्यातल्या डब्यात त्या उगवल्या.

बीजुकं अजून मिळाली नाहीत. टोकाखाली काळसर बीजुककोश दिसतात का ते ऑगस्टपासून रोज बघते आहे. लिव्हरवर्टच्या बऱ्याच जातींत नर आणि मादी रोपं वेगळी असतात, आणि माझी सगळी रोपं एकाच कपचीवरून वाढवलेली, त्यामुळे घरात एकाच लिंगाचा पसारा असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून आता विहिरीच्या समोरच्या बाजूची एक कपची आणायची, वेगळ्या डब्यात वाढवायची, आणि दोन्हींची टोकं भिंगाखाली ताडून बघून मगच त्यांना एका मातीवर आणायचं. दुसरा डबा धुऊन ठेवलाय. माती कुकरमध्ये आहे.