कल्चर सांडलं तर

ब्रॉथ कल्चर (पातळ खाद्यात वाढवलेले जंतू) टेबलावर सांडलं की हात आधी फडक्याकडे जातो. पुसू नका, जंतू पसरतात. ग्लोव्हज घाला, सांडलेल्यावर टिश्यू पेपर अंथरा आणि कडेकडून आत ब्लीच ओता: १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं. जुन्याचा जोर गेलेला असतो. मग २० मिनिटं थांबायचं. सगळे नेमकं हेच गाळतात, आणि खरं काम तर इथेच होतं! फुटलेल्या काचा चिमट्यानंच उचला. ब्लीचचे कागद ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात) नकोत, विषारी वायू सुटतो. जंतू वाढवायच्या वापरलेल्या प्लेटा मात्र तिथेच, १२१ अंश सेल्सिअसवर. प्लेटांच्या पिशवीचं तोंड सैल, नाहीतर वाफ आत शिरत नाही. टेबल पाण्यानं पुसून मगच ७० टक्के अल्कोहोल, तेही बर्नर विझवून.