लामेटाची माती सांगलीत धुताना: माझा अनुभव

सातारा-सांगलीच्या खडकात डायनोसॉरचं हाड शोधू नका. कोयनेजवळ रासाटीला घेतलेल्या बोअरमध्ये सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा खडक, लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा पायाचा जुना खडक. मधे गाळाचा खडकच नाही. लामेटा म्हणजे लाव्ह्याखालचा, डायनोसॉरच्या काळातला गाळ. तो उघडा पडतो लाव्ह्याच्या कडेला, आपल्या राज्यात चंद्रपूरकडे पिसदुरा-डोंगरगाव भागात. तिथली लाल चिकणमाती नमुन्याच्या पोत्यांतून इकडे येते. ती धुऊन बारीक दात, खवले, मणके वेचायचे, हे माझं काम.

मोठ्या हाडांचं सगळ्यांना कौतुक, पण त्या काळात तिथे कोण कोण राहत होतं हे चाळणीच जास्त सांगते. विकाराबादजवळ नस्कलला, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात, डेक्कनोलेस्टिस हा सस्तन प्राणी सापडला (१९८८), तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या दातांवरून.

माती आधी कडकडीत वाळवायची. एप्रिल-मेमधलं ऊन त्याला उत्तम, पावसाळ्यात या फंदात पडू नये. अर्धवट ओलं ढेकूळ पाण्यात फुटत नाही, नुसता चिखल होतो. वाळलेलं ढेकूळ पाणी झपाट्याने ओढतं, माती फुगते आणि ते आपोआप विरघळतं. नाहीच फुटलं तर पुन्हा वाळवून रॉकेलमध्ये बुडवायचं, मुरलं की उरलेलं रॉकेल ओतून काढायचं आणि वर पाणी घालायचं. आत शिरणारं पाणी रॉकेलला बाहेर ढकलतं, ढेकूळ मोडतं. हे उघड्यावर, विस्तवापासून लांब.

चाळण्या दोन: वर अर्ध्या मिलिमीटरची, खाली पाव मिलिमीटरची. पाण्याने भरलेल्या टबात हलकेच खालीवर करायच्या. नळाची धार सोडायची नाही, बोटांनी तर अजिबात चोळायचं नाही; माशाच्या मणक्याची कड तेवढ्यानेही तुटते. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात नको. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरला क्षार फार, वाळल्यावर दातावर पांढरी पुटं धरतात आणि इनॅमलची चमक दिसत नाही.

उरलेल्या मालात चुन्याचे खडे असतात आणि अॅसिडची घाई इथेच होते. लामेटात अंड्यांच्या कवचाचे तुकडे भरपूर. कवच, गोगलगायीचा शंख, ऑस्ट्रॅकॉड (पाण्यातला शिंपल्यात राहणारा बारीक जीव) सगळंच कॅल्शियम कार्बोनेट. अॅसिडमध्ये चुन्यासोबत तेही जाणार. म्हणून अॅसिडआधी एकदा वेचणी करायचीच. कवचाची बाहेरची बाजू बहुधा बारीक गाठींची, भिंगाखाली मधे छिद्रं दिसतात. मगच ५ ते १० टक्के अॅसेटिक अॅसिड, त्यात थोडं कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे हाडाला इजा कमी. हायड्रोक्लोरिक कधीच नाही, ते हाडही खातं. अॅसिडमध्ये जितका वेळ, त्याच्या किमान तिप्पट वेळ पाणी बदलत धुवायचं. नाहीतर आत राहिलेल्या क्षाराचे स्फटिक होऊन दात तडकतो.

वेचणी काळ्या ताटलीत, १० ते २० पट दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, तीन शून्य (०००) नंबरच्या बारीक ओल्या ब्रशने. चकचकीत चौकोनी तुकडा दिसला तर बहुधा ‘गार’ नावाच्या माशाचा खवला. दोन्ही बाजूंनी खोलगट चकती म्हणजे माशाचा मणका. मगरीचा दात निमुळता, त्यावर उभ्या रेघा. भुसभुशीत हाडावर अॅसिटोनमध्ये पातळ केलेलं पॅरालॉइड बी-७२ हे हाड घट्ट करणारं रेझिन लावायचं. पांढरा गोंद नको, तो पुढे नीट निघत नाही.

चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, शाई पाण्यात पसरते. आणि पुढचा नमुना घेण्याआधी चाळणी उजेडाकडे धरून पाहायची: जाळीत अडकलेला एक दात दुसऱ्या गावच्या यादीत गेला, तर ती यादी बाद.