बर्फ धरायच्या आत

बुधवारी रात्री अडीच वाजता, ज्याचं आडनावही मला माहीत नव्हतं अशा एका मुलाने मला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरचे त्याचे सहा तास देऊन टाकले. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सहा तासांचं एवढं काय गं?" तर ऐका.

मी ॲडेनोसिनच्या ए-टू-ए रिसेप्टरवर काम करते. पेशीच्या तेलकट आवरणात रुतलेलं हे एवढंसं प्रथिन. आपण जागे असताना ॲडेनोसिन हे रसायन मेंदूत साठत जातं, या रिसेप्टरला चिकटतं आणि झोप येऊ लागते. चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. पण त्या खोबणीत नेमकं कोण कसं बसलंय हे पाहायचं तर प्रथिनाचे स्फटिक हवेत. ते वाढतात मोनोओलीन नावाच्या स्निग्ध पदार्थात, आणि तो पाण्यात मिसळला की टूथपेस्टसारखा घट्ट होतो. त्यात तयार होणारे स्फटिक बहुतेकदा क्ष-किरणांना पुरत नाहीत, इतके बारीक. मायक्रोस्कोपमधल्या इलेक्ट्रॉनना मात्र बारीकच लागतात, कारण काहीशे नॅनोमीटरपेक्षा जाड थरातून ते धड पारच होत नाहीत.

2013 मध्ये शास्त्रज्ञ तामिर गोनेन यांच्या गटाने इलेक्ट्रॉन वापरून, अशा चिमुकल्या स्फटिकांवरून लायसोझाइम या प्रथिनाची रचना काढून दाखवली. 2021 मध्ये, इथेच लॉस एंजेलिसला, त्यांच्याच गटाने ए-टू-एची 2.8 अँगस्ट्रॉमपर्यंतची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) रचना छापली, तीही एका स्फटिकावरून! तो घट्ट लगदा त्यांनी आधी सैल केला, मग गोठवून आयनांच्या झोताने तासला. खोबणीत बसलेला रेणू तर दिसलाच, भोवती चिकटलेले कोलेस्टेरॉलचे चार रेणूही दिसले. तो लेख मी पुण्यात असताना वाचला होता आणि त्या रात्री मला झोप आली नव्हती.

बुधवारी माझी अशीच तासलेली, स्फटिकाची पहिली पातळ चकती तडकली. दुसरी नीट निघाली तेव्हा माझी वेळ संपायला वीस मिनिटं उरली होती. गोठवलेला नमुना द्रव नायट्रोजनमध्ये टिकतो, पण तासलेली चकती जितकी हाताळावी तितका तिच्यावर बर्फ धरतो. पुढचं बुकिंग त्या मुलाचं. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझी पावडर आहे, सोमवारीही तशीच असेल. तू बस."

आमच्या तिकडच्या, पुण्यातल्या विभागात असं झालं नसतं. यंत्राला कुलूप, किल्ली सरांकडे, आणि वेळ हवा तर अर्ज. मी तेव्हा चिडायचे. आज मात्र त्यांची बाजू घ्यावीशी वाटते: अख्ख्या विभागाची दहा वर्षांची कमाई एका यंत्रात असेल तर कोणीही कुलूप लावेल. आणि पेप्टाइडच्या, म्हणजे प्रथिनाच्या, साखळीचे कोन कुठे बसू शकतात, हे 1963 मध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये बसूनच मांडलं. इथेही प्रत्येक नवी रचना त्यांच्याच आलेखावर तपासली जाते, हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तिकडेही माणसं उदारच आहेत. माझे पहिले स्फटिक बघायला माझी ताई-सीनियर रविवारी घरून बसने आली होती. देऊन टाकता येतील असे सहा तास तिच्याकडे नव्हते, इतकंच. मी इकडे आले ती या सहा तासांसाठी, असं मी स्वतःला सांगते. आणि ते खरंही आहे.

पावणेपाचला नमुना धरणारा स्टेज फिरायला लागला आणि पडद्यावर स्फटिकातून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनचे ठिपके उमटले. मधे ठळक, कडेकडेला विरळ होत गेलेले, ओळीने. मी आईला फोटो पाठवला. तिकडे संध्याकाळ होती. तिने विचारलं, "ही रांगोळी कुठली?"

नऊ वाजता तो मुलगा परत आला, पावडरीसाठी नव्हे, नुसता बघायला. मी थर्मासमधला आल्याचा चहा दोन कपांत ओतला आणि मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर, पायरीवर बसून आम्ही तो प्यायलो.